ओट्यावरच्या गप्पा

‘नुसत्या गप्पा मारत बसू नका, कामाला लागा,’ हे वाक्य आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकलेले असते. गप्पा म्हणजे रिकामपणाचा उद्योग, अशी आपली समजूत असते. शाळेत निबंध, पत्र आणि भाषण शिकवतात. गप्पा मात्र कोणी शिकवत नाही. असे असूनही आपण दिवसभरात जे बोलतो, त्यातला मोठा भाग गप्पांचाच असतो. घरची माणसे, दारातले मांजर, जुन्या चालीरीती आणि शेजारपाजार यांविषयी आपण सहज बोलत राहतो. या सहज बोलण्यातून नेमके काय साधते, हे या पाठात पाहू या.

एक साधा प्रसंग

इंदूर शहरातील एका जुन्या वस्तीची कल्पना करा. तेथे मराठी कुटुंबे कित्येक पिढ्यांपासून राहत आहेत. दुपार कलली आहे. एक वृद्ध बाई ओट्यावर बसल्या आहेत. शेजारच्या घरातील सून हातातले काम आवरून बाहेर येते.

“काय सूनबाई, झाली का कामं?”

“झाली एकदाची. तुमचा चहा झाला का, मावशी?”

“झाला की. बस ना घटकाभर. काल कोण आलं होतं तुमच्याकडे?”

“यांच्या काकांची सून. नागपूरहून आली होती. लग्नानंतर पहिल्यांदाच आली.”

“म्हणजे तुझी चुलत जाऊ. ओटी भरलीस ना तिची?”

“भरली. घरात खण नव्हता, मग ब्लाउजपीसच दिला.”

“असू दे. रिकाम्या हातानं पाठवली नाहीस, हे बरं केलंस.”

इतक्यात मावशींची नात धावत येते.

“आजी, आजी, बिल्लीने चार बच्चे दिले!”

“मनी व्याली होय? कुठे गं?”

“जिन्याखाली.”

“मग चार पिल्लं झाली म्हण. आणि हात लावू नकोस हो त्यांना. बिथरली तर तोंडात धरून दुसरीकडे नेईल. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते.”

“तिच्या दुधाचं मी बघते, मावशी. तुम्ही त्या गुडघ्यांनी जिना उतरू नका.”

हा सारा संवाद पाच मिनिटांचा आहे. त्यात कोणताही मोठा विषय नाही आणि कोणता निर्णयही झालेला नाही. तरीही या पाच मिनिटांत बरेच काही घडून गेले आहे. ते एकेक करून समजून घेऊ.

‘चहा झाला का?’ या प्रश्नाचा अर्थ

शेजारणीने ‘तुमचा चहा झाला का?’ असे विचारले, ते चहाची माहिती मिळवण्यासाठी नव्हे. ‘मी तुमची दखल घेतली आहे, आपले बरे चालले आहे,’ एवढेच तिला सांगायचे होते. ‘जेवण झालं का?’, ‘काय म्हणता?’, ‘आज उशीर झाला वाटतं?’ हे प्रश्नही याच जातीचे आहेत. मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनोव्हस्की यांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात भाषेच्या या कार्याकडे लक्ष वेधले होते. शब्दांचा उपयोग केवळ विचार सांगण्यासाठी होत नाही. माणसांना एकमेकांशी बांधून ठेवण्यासाठीही होतो, असे त्यांनी दाखवून दिले.

ब्रिटिश संशोधक रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांची सहज संभाषणे ऐकून त्यांतील विषयांची नोंद केली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले, की संभाषणाचा सुमारे दोन तृतीयांश वेळ माणसे, नाती आणि परस्परांचे व्यवहार यांविषयी बोलण्यात जातो. इतरांच्या निंदेचा वाटा मात्र त्यात फारच थोडा होता. म्हणजे ‘गप्पा म्हणजे कुचाळक्या’ ही आपली समजूत पुरती खरी नाही.

या बोलण्याचा एक व्यावहारिक लाभही आहे. रोज चौकशी करणाऱ्या शेजारणीला मावशींच्या गुडघेदुखीची माहिती आहे. एखाद्या दिवशी मावशी ओट्यावर दिसल्या नाहीत, तर ती दार ठोठावील. एकट्या राहणाऱ्या वृद्ध व्यक्तीच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक नाही.

नात्यांचा शब्दकोश

‘यांच्या काकांची सून’ असे ऐकताच मावशींनी ‘तुझी चुलत जाऊ’ असे म्हटले. मराठीत नात्यांसाठी किती नेमके शब्द आहेत, ते पाहा. वडिलांची बहीण ती आत्या आणि आईची बहीण ती मावशी. काकांची पत्नी काकू आणि मामाची पत्नी मामी. इंग्रजीतून आलेल्या ‘आंटी’ या एका शब्दात या चौघी एकत्र होतात. मराठीत त्या वेगळ्या राहतात. भावंडांचेही तसेच आहे. चुलत, आते, मामे आणि मावस हे शब्द नाते कोणत्या बाजूचे आहे, ते लगेच सांगतात. ‘हा माझा आतेभाऊ’ एवढे म्हटले, की त्याची आई ही बोलणाऱ्याच्या वडिलांची बहीण आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. दीर, नणंद, जाऊ, साडू, व्याही आणि विहीण हे शब्द विवाहाने जुळलेली नाती दाखवतात.

हे शब्द आपण कोणत्याही पुस्तकातून पाठ केलेले नाहीत. कोण आले, कोणाचे लग्न ठरले, कोणाकडे बारसे आहे, अशा गप्पा ऐकता ऐकता ते आपल्या तोंडी बसले. शिवाय मराठी माणूस ही नाती रक्ताच्या पलीकडेही नेतो. ओट्यावरच्या त्या वृद्ध बाई शेजारणीच्या आईच्या सख्ख्या बहीण नाहीत. तरीही त्या ‘मावशी’ आहेत. अशा एका शब्दाने परका माणूस आपला होतो आणि त्याच्याशी कसे वागायचे, हेही ठरून जाते.

मुकी जनावरे आणि बोलकी माणसे

घरातील प्राणी हा गप्पांचा आवडता विषय असतो. मांजर व्याली, कुत्रा दोन दिवस जेवला नाही, पोपट नवा शब्द शिकला, अशा बातम्या लहानथोर सारेच उत्सुकतेने ऐकतात. ज्या दोन घरांत अबोला आहे, त्या घरांतील मुलेही पिल्ले पाहण्यासाठी एका जिन्याखाली जमतात. ब्रिटनमधील दोन संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले, की सोबत कुत्रा असला म्हणजे माणसाशी आपणहून बोलणाऱ्यांची संख्या पुष्कळ वाढते. प्राणी स्वतः बोलत नाही. तो माणसांना बोलते करतो.

प्राण्यांभोवतीची आपली भाषाही समृद्ध आहे. कुत्र्याला बोलावताना ‘यू यू’ करायचे आणि हाकलताना ‘हाड’ म्हणायचे. गाय हंबरते, घोडा खिंकाळतो, कुत्रा भुंकतो. गाईचे वासरू, शेळीचे करडू, म्हशीचे रेडकू, घोड्याचे शिंगरू आणि मांजराचे पिल्लू. मराठवाड्यात, विदर्भात आणि खानदेशात श्रावणाच्या अमावास्येला पोळा साजरा होतो. त्या दिवशी बैलांना कामाला जुंपत नाहीत. त्यांना सजवून पुरणपोळीचा घास भरवतात. दिवाळीच्या आरंभी वसुबारसेला गाय आणि वासरू यांची पूजा होते. ज्या घरात आता गुरे नाहीत, तेथे हे शब्द आणि हे सण आजीच्या बोलण्यातूनच मुलांपर्यंत पोहोचतात.

नातीने ‘बिल्लीने बच्चे दिले’ असे म्हटले, तेव्हा आजी रागावली नाही आणि तिने व्याकरणही सांगितले नाही. ‘मनी व्याली होय?’ असे विचारून तिने योग्य शब्द सहज पुढे ठेवला. शाळेत आणि रस्त्यावर हिंदी बोलणाऱ्या त्या मुलीला हिंदी येते, ही चांगलीच गोष्ट आहे. त्या हिंदीशेजारी मराठीलाही जागा राहावी, एवढेच आजीने पाहिले.

बोलण्यातून आलेला वारसा

वारसा म्हटला, की किल्ले, लेणी आणि मंदिरे आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु साध्या बोलण्यातही वारसा असतो. मराठीतील आद्य गद्यग्रंथ म्हणून ओळखले जाणारे ‘लीळाचरित्र’ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभट यांनी श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी ठिकठिकाणच्या अनुयायांकडून ऐकून एकत्र केल्या. त्यांत तत्त्वज्ञान आहे, तसे रोजचे बोलणे, प्रवास, जेवणखाण आणि आश्रयाला आलेल्या सशाची हकीकतही आहे. लोकांनी त्या गोष्टी आपसांत सांगितल्या, ऐकल्या आणि लक्षात ठेवल्या, म्हणूनच त्या लिहिता आल्या.

दुसरे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे आहे. पहाटे जात्यावर दळण दळताना स्त्रिया माहेर, भाऊ, लेक, सासर आणि विठ्ठल यांच्याविषयी ओव्या गात. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. मात्र आपले सुखदुःख शब्दांत मांडण्याचे सामर्थ्य त्यांच्याजवळ होते. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या. स्त्रियांचे कष्ट कमी झाले, हे चांगलेच झाले. परंतु जात्याबरोबर ओवीही मागे पडू लागली. तेव्हा पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावी जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ज्या स्त्रियांना ‘अडाणी’ म्हटले गेले, त्यांचे शब्द आज अभ्यासाचा विषय झाले आहेत.

तंजावरचा धडा

मराठीभाषक प्रदेशापासून दूर राहणाऱ्या माणसांसाठी घरातल्या गप्पांचे मोल अधिक असते. तमिळनाडूतील तंजावर येथे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास सत्ता स्थापन केली. भोसल्यांचे ते राज्य १८५५ मध्ये संपले. तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ सालचा मोठा मराठी शिलालेख आहे. पुढे राज्य गेले, दरबार गेला, मराठीला असलेला राजाश्रयही गेला. मात्र त्या भागातून आलेल्या कित्येक कुटुंबांत आजही मराठी बोलली जाते. तिच्यात तमिळ शब्द मिसळले आहेत आणि काही जुनी मराठी रूपे टिकून आहेत. तेथील पुष्कळांनी शाळेत मराठी कधीच शिकलेली नाही. शिलालेखाने इतिहास सांभाळला. भाषा मात्र स्वयंपाकघरात आणि ओसरीवर आई, आजी आणि मुले यांच्या बोलण्याने जिवंत ठेवली.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागेल. ज्या घरात आजी मराठीत विचारते आणि नातवंडे दुसऱ्या भाषेत उत्तर देतात, त्या घरात मराठी एका पिढीपुरतीच उरते. तिच्यावर कोणी बंदी घातलेली नसते. तिच्यात गप्पा मारणारे कोणी राहत नाही, एवढेच कारण त्यासाठी पुरेसे असते.

गप्पांची मर्यादा

सर्वच गप्पा चांगल्या असतात, असे नाही. मराठी भाषेने त्यांतील भेद अचूक ओळखला आहे. जिव्हाळ्याच्या माणसाशी केलेले मनातले बोलणे म्हणजे ‘हितगुज’. निरर्थक बडबड करणे म्हणजे ‘चकाट्या पिटणे’. एकाचे दुसऱ्याला सांगून त्यांच्यात वितुष्ट आणणे म्हणजे ‘चहाडी’. एकमेकांचे जुने दोष उकरून काढणे म्हणजे ‘उखाळ्यापाखाळ्या’. एखाद्याची जात, पगार किंवा मूल नसणे यांविषयी खोदून विचारणे, तरुण मुलीच्या येण्याजाण्यावर टीका करणे, या गोष्टी शेजारधर्मात बसत नाहीत. मावशींनीही खण नसल्याबद्दल शेजारणीला नावे ठेवली नाहीत. ‘असू दे’ म्हणून तिचा संकोच दूर केला. ज्या गप्पांनंतर ऐकणाऱ्याचे मन हलके होते, त्या चांगल्या गप्पा.

समारोप

आज अनेक ठिकाणी ओटे उरले नाहीत. बंद दारांच्या सदनिका आहेत, कामाच्या वेळा निरनिराळ्या आहेत आणि हाती मोबाइल आहे. तरीही गप्पांना जागा सापडते. नळावरची रांग, बसथांबा, कारखान्यातील जेवणाची सुट्टी, इमारतीचा जिना, दूरच्या बहिणीशी फोनवरचे बोलणे, हे आजचे ओटेच आहेत.

तुमच्यापैकी काहींचे शिक्षण मध्येच थांबले असेल. ‘आम्हांला भाषा येत नाही,’ असे तुम्हांला वाटत असेल. वास्तविक नात्यांचे नेमके शब्द, प्राण्यांच्या हाका, म्हणी, सणांच्या रीती आणि माणसाला न दुखावता बोलण्याची हातोटी ही सारी भाषाच आहे. ती तुम्ही कधीच आत्मसात केली आहे. आता फक्त ती लिहायची आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलताना एखादा नवा शब्द कानावर आला, तर तो वहीत टिपून ठेवा. तो शब्द कोणी, केव्हा आणि कशाबद्दल वापरला, तेही लिहा. उद्या तोच शब्द तुमच्या मुलांना तुमच्याकडून मिळेल.

विचार करा आणि लिहा

१. ‘चहा झाला का?’ या प्रश्नामागील खरा हेतू कोणता? तुमच्या बोलण्यातील असे आणखी तीन प्रश्न लिहा.

२. मावशींनी नातीचे शब्द कसे सुधारले? तुम्ही त्यांच्या जागी असता, तर काय केले असते?

३. ‘हितगुज’, ‘चकाट्या पिटणे’ आणि ‘चहाडी’ यांतील फरक स्वतःच्या वाक्यांत स्पष्ट करा.

४. तुमच्या घरातील किंवा शेजारातील वृद्ध व्यक्तीशी अर्धा तास गप्पा मारा. त्यांच्या तोंडून ऐकलेले, पण तुम्ही स्वतः वापरत नसलेले पाच शब्द अर्थासह लिहा.