उघडत नसलेल्या चित्रफिती

शाळेच्या जुन्या ध्वनिचित्रफिती एकत्र करण्याचे काम या वर्षी माझ्याकडे आले आणि माजी विद्यार्थ्यांनी पाठवलेल्या सीडी, पेनड्राईव्ह व मोबाईल यांनी टेबल भरून गेले. त्यांतील कितीतरी फाईली उघडेनात. कुठे चित्र दिसे पण आवाज नसे. कुठे आवाज येई आणि पडदा काळा. मोडी न येणाऱ्या अभ्यासकापुढे दप्तर ठेवावे, तशी माझी अवस्था झाली.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, फाईलीच्या नावामागील एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही ही अक्षरे केवळ पेटीचे नाव सांगतात. त्या पेटीत चित्र आणि आवाज वेगवेगळे ठेवलेले असतात. ते ज्या पद्धतीने आटवून साठवतात, तिला कोडेक म्हणतात. एकाच एमपी४ पेटीत २००३ साली आलेले एच.२६४ असेल किंवा २०१३ चे एच.२६५ असेल. पहिले बहुतेक सर्व यंत्रांना उमगते, दुसरे अनेक जुन्या संगणकांना उमगत नाही. आयफोनमध्ये २०१७ पासून दुसऱ्या पद्धतीने चित्रण करण्याची सोय आली. अशाच एका फोनवर चित्रित केलेले स्नेहसंमेलन आमच्या संगणकावर नुसते ऐकू येत राहिले. फाईल निर्दोष होती, वाचणारा अडाणी होता. अशा वेळी अनेकजण नावामागील अक्षरे बदलून पाहतात (मीही पाहिली). त्याने आतील लिपी बदलत नाही.

म्हणून रूपांतराची घाई करण्यापूर्वी फाईल व्हीएलसी या विनामूल्य प्लेअरमध्ये उघडावी. बहुतेक कोडेक त्याच्यात अंगभूत आहेत, त्यामुळे निम्म्या तक्रारी तेथेच मिटतात. त्यातील ‘टूल्स’मध्ये ‘कोडेक इन्फर्मेशन’ पाहिले की पेटीत काय आहे ते कळते. जुन्या मोबाईलच्या थ्रीजीपी फाईलींत आवाज बहुधा एएमआर पद्धतीचा असतो. चित्र दिसून आवाज न येण्याचे कारण पुष्कळदा तेच असते.

आता माझी चूक सांगतो. एका समारंभाची व्हीसीडी आली होती. भोजनगृह सांभाळणाऱ्या मावशी निरोपाच्या दिवशी दोन मिनिटे बोलल्या, ते तीत होते. व्हीसीडीचे चित्र अवघे ३५२ × २८८ बिंदूंचे असते. मी उत्साहाने ते १९२० × १०८० केले, मग पाठवण्यासाठी लहान केले, आणि त्या लहान प्रतीवरून पुन्हा तिसरी प्रत काढली. मोठे केल्याने नवा तपशील येत नाही, आणि प्रत्येक रूपांतरात थोडा जातोच. पोथीच्या नकलेवरून नक्कल करताना पाठ भ्रष्ट होतो, हे वर्गात शिकवणाऱ्या माणसाने हे केले! मूळ डीएटी फाईल मी उतरवून ठेवली नव्हती. पुन्हा गरज पडली तेव्हा सीडीचा लेप निघाला होता. मावशींचा आवाज आहे. चेहरा मात्र ज्यांनी त्यांना पाहिले होते त्यांनाच ओळखू येतो.

तेव्हापासून मूळ फाईल आधी दोन ठिकाणी उतरवतो. कोडेक चालणारा असून केवळ पेटी नडत असेल, तर एफएफएमपेगने पेटी तेवढी बदलता येते. काही क्षणांत काम होते आणि चित्राला धक्का लागत नाही. कोडेकच बदलावा लागला, तर हँडब्रेकमध्ये एमपी४, एच.२६४ व आवाजासाठी एएसी निवडावे, आणि चित्राचा आकार मूळचाच ठेवावा. गुणवत्तेचा आकडा जुन्या चित्रफितींसाठी १८ ते २० ठेवतो. तो जितका कमी, तितके चित्र चांगले आणि फाईल मोठी. कॅसेटवरून उतरवलेल्या चित्रात हालचालीच्या वेळी कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात, त्यासाठी ‘डीइंटरलेस’ चालू करावे.

चित्रण चालू असताना बॅटरी संपलेल्या एमपी४ फाईलीचे दुखणे वेगळे. तिची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते आणि ती लिहायचीच राहून गेलेली असते. तेथे रूपांतर उपयोगी पडत नाही; त्याच कॅमेऱ्याची दुसरी चांगली फाईल आधाराला घेऊन कधी कधी दुरुस्ती साधते. म्हणून अशी फाईल पुसू नये.

ज्यांच्याकडे अजून काही असेल त्यांनी ते आहे तसेच पाठवावे. व्हॉट्सॲपवर पाठवायचे झाल्यास ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, एरवी ते चित्रफीत पुन्हा आटवते. शक्यतो पेनड्राईव्हच द्यावा, आणि सोबत एका कागदावर वर्ष, प्रसंग व दिसणाऱ्यांची नावे लिहावीत.