रसद ओके प्लीज!

दिवसा ऑफिसात मालाचे ट्रक, रात्री पॅसिफिक महासागरात युद्धनौकांचे ताफे. समोर शत्रू म्हणून बसलाय चक्क कम्प्युटर! एका वॉरगेमच्या नादी लागलेल्या सप्लाय प्लॅनरची ही कबुली...

'अगं, दोन वाजले!'

आईचा हा डायलॉग आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमधल्या भिंतींनाही पाठ झालाय. त्यावर माझं उत्तरही ठरलेलं. 'पाच मिनिटं गं, रंगून पडतंय!' आई काही न बोलता दार ओढून घेते. पण सकाळी चहाच्या वेळी बाबांकडे तक्रार जातेच. 'हिचं काहीतरी बघा. लग्नाच्या वयाची पोरगी, आणि रात्र रात्र पाणबुड्या मोजत बसते.'

तर मंडळी, कबूल! मी पाणबुड्या मोजते. कॉलेजात होते तेव्हा एका मित्राच्या पीसीवर हा गेम पहिल्यांदा पाहिला आणि 'हे काय एक्सेल शीटसारखं दिसतंय?' म्हणून नाक मुरडलं. आता पोटापाण्यासाठी दिवसभर एक्सेलच बघते. म्हणूनच बहुतेक हा गेम मला बाधला असावा.

गेमचं नाव 'वॉर इन द पॅसिफिक : अ‍ॅडमिरल्स एडिशन'. तो २००९ साली आला. गॅरी ग्रिग्सबी हे वॉरगेम बनवणाऱ्यांतलं जुनं, वजनदार नाव. त्यांच्या २००४च्या गेमची ही वाढवलेली आवृत्ती. नकाशा एका टोकाला हिंदुस्थानपासून दुसऱ्या टोकाला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत. त्याची षटकोनी घरं पाडलेली, एकेक घर ४० सागरी मैलांचं. सुरुवात ७ डिसेंबर १९४१, म्हणजे पर्ल हार्बरच्या दिवशी. आणि एक चाल म्हणजे एक दिवस. अख्खं युद्ध खेळायचं तर दीड हजाराच्या आसपास चाली! रोज एक चाल खेळलात तर चार वर्षं. लग्न ठरून, होऊन, पोरगं बालवाडीत जाईल एवढ्या वेळात.

धडाम-धुडूम? विसरा. छोटी छोटी जहाजं आणि आकडेच आकडे. कुठल्या बंदरात किती तेल, कुठल्या वैमानिकाला किती अनुभव, कुठल्या मालवाहू जहाजात किती टन सामान. पहिली चाल द्यायला मला अख्खा रविवार लागला होता. मटण गार झालं, तरी मी अजून फिलिपिन्समध्येच!

समोरचा 'तो'

हा गेम दुसऱ्या माणसाशीही खेळता येतो. पण चार वर्षं रोज इमानदारीत चाल पाठवणारा माणूस आणायचा कुठून? इथे दोन महिने टिकणारा बॉयफ्रेंड मिळायची मारामार! म्हणून मी कम्प्युटरशी खेळते. मी दोस्त राष्ट्रं, तो जपान.

आजकाल एआय म्हटलं की कविता करणारा, ईमेल लिहून देणारा, गोडगोड बोलणारा आठवतो. हा तसला नाही. हा जुन्या वळणाचा. त्याच्या खिशात आधीच लिहून ठेवलेल्या योजना असतात. त्यातली एखादी उचलायची आणि ती पार पाडत राहायचं. तो चिडत नाही, घाबरत नाही, त्याला सोमवारचं टेन्शन नसतं. कधी जहाजांचा सॉलिड घोळका घेऊन अंगावर येतो, तर कधी वेड्यासारखी एकेक जहाजं माझ्या विमानांच्या तोंडी देत बसतो. आणि मला झोप लागते हे त्याला माहीतच नाही.

पहिले काही महिने नुसतं मागे हटायचं. खऱ्या इतिहासात 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' या ब्रिटिश युद्धनौका १० डिसेंबर १९४१ला जपानी विमानांनी बुडवल्या. मला ते आधीच ठाऊक, म्हणून मी त्यांना आल्या पावली माघारी पळवलं. वाचल्या! मला वाटलं, आपण भारी. सिंगापूर मात्र वाचलं नाही. खऱ्या युद्धात ते १५ फेब्रुवारी १९४२ला पडलं, माझ्याकडे दहा-बारा दिवस जास्त टिकलं.

मग एप्रिलमध्ये फाजील आत्मविश्वास नडला. 'लेक्सिंग्टन' आणि 'यॉर्कटाउन' या दोन विमानवाहू नौका मी न्यू गिनीच्या बाजूला घाईघाईत पाठवल्या. समोर जपानच्या चार! एका दुपारी दोन्ही गेल्या. स्क्रीनवर अक्षरं उमटत होती आणि मी तोंडावर हात ठेवून बघत होते.

आणि मग मी ते पाप केलं. कालचा सेव्ह उघडला.

पुन्हा खेळले, पुन्हा एक बुडाली. पुन्हा उघडला. तिसऱ्यांदा शत्रू नेमका कुठे आहे ते मला माहीत होतं. आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या दोन नौका तळाला, माझ्या दोन्ही शाबूत. आनंद झाला? छे! पेपर फुटल्यावर मिळालेल्या मार्कांसारखं वाटलं. मिडवेला जून १९४२मध्ये जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या, तेव्हा 'कालपासून सुरू करू' म्हणायची सोय कुणालाच नव्हती. त्या रात्री ठरवलं, आता मागे जायचं नाही. बुडालं तर बुडालं.

पानिपत ते पॅसिफिक

या गेममध्ये शौर्य वगैरे ठीक आहे, पण खरा हिरो कोण असेल तर रसद. आपल्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. शाळेतल्या पुस्तकात पानिपत वाचताना सगळ्यांच्या पोटात तुटतं ते त्याचसाठी. १४ जानेवारी १७६१ला लढाई झाली, पण त्याच्या कितीतरी आधी अब्दालीने रसद तोडली होती. आपलं सैन्य उपाशी पोटी रणात उतरलं.

पॅसिफिकमध्ये तेच, फक्त समुद्रावर. जपान युद्धात उतरला त्यामागे तेल हे मोठं कारण. १९४१च्या उन्हाळ्यात अमेरिकेने त्याचं तेल तोडलं. मग तेलासाठी डच ईस्ट इंडीज घ्यायचे, तिथून तेल घरी न्यायला टँकर हवेत, टँकर सांभाळायला विनाशिका, आणि विनाशिकांना परत तेल! ग्वाडलकॅनाल बेटावर जपानी सैनिक गोळ्यांपेक्षा उपासमारीने आणि रोगांनी जास्त मेले. १९४४मध्ये इम्फाळवर चालून आलेलं जपानी सैन्य जेमतेम तीन आठवड्यांचं अन्न घेऊन निघालं होतं. पुढचं इम्फाळमधल्या गोदामांतून घेऊ, असा हिशोब. इम्फाळच्या वाटेवर सांगशाकला त्यांना काही दिवस रोखून धरणाऱ्यांमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियनही होती. ते दिवस महागात पडले. पुढे पाऊस आला आणि परतीची वाट प्रेतांनी भरली.

हे सगळं मला भयंकर जमतं. अहो, माझा धंदाच तो! लोअर परळच्या ऑफिसात बसून कुठल्या डेपोला किती ट्रक हे ठरवायचं. तिथे ट्रक, इथे जहाजं. केपटाऊनहून मुंबईला ताफा, मुंबईहून कोलंबोला, तिथून ऑस्ट्रेलिया. गेममध्ये आपली मुंबईही आहे. एक बंदर, एक आकडा.

गंमत बघा. ग्वाडलकॅनालवर अमेरिकन मरीन्स उतरले तो दिवस ७ ऑगस्ट १९४२. दुसऱ्याच दिवशी, ८ ऑगस्टला, आपल्या गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. माझ्या गेममध्ये ८ ऑगस्टचा रिपोर्ट आला, त्यात चार जहाजांचं नुकसान आणि एका धावपट्टीची दुरुस्ती. मुंबई शांत. रसद भरपूर. मी 'नेक्स्ट'वर क्लिक केलं आणि पुढे गेले. तेव्हा काही खटकलं नाही.

'कोलकात्यात सगळं ठीक?'

खटकलं ते कँटीनमध्ये.

आमच्या टीममध्ये एक बंगाली सीनियर आहेत. सगळे त्यांना दादाच म्हणतात. त्यांना माझ्या या वेडाचं फार कौतुक. एकदा जेवताना मी मोबाइलवर स्क्रीनशॉट दाखवत होते. केवढी हुशारी केली होती मी! हिंदी महासागरातली निम्मी मालवाहू जहाजं काढून सॉलोमन बेटांच्या मोहिमेला लावली होती. तिथे नुसती धमाल उडाली होती.

'कुठली तारीख चालू आहे?' दादांनी विचारलं.

'मार्च १९४३.'

'आणि कोलकात्यात सगळं ठीक?'

'एकदम! हे बघा ना दादा, रसद पुरून उरतेय. लाल काहीच नाही.'

दादा थोडा वेळ गप्प होते. मग डब्याचं झाकण लावत म्हणाले, 'माझी ठाकुमा मेदिनीपूरची. त्या वर्षी ती नऊ वर्षांची होती. घरात सात माणसं होती. वर्ष संपलं तेव्हा तीन.'

मला काय बोलावं सुचेना. तेच पुढे म्हणाले, 'अगं, तुझी चूक नाही. तुझ्या गेममध्ये ती माणसंच नाहीत.'

त्या रात्री मी गेम उघडला नाही. वाचत बसले. रंगून पडलं ८ मार्च १९४२ला. ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा बंद झाला. जपानी सैन्य आलंच तर त्याच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनारी बंगालातल्या होड्या जप्त केल्या, मोडल्या. म्हणजे कोळ्यांची आणि तांदूळ नेणाऱ्यांची वाहनंच गेली. ऑक्टोबर १९४२मध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळ आलं. भाव आभाळाला भिडले. अमर्त्य सेन यांनी १९८१मध्ये आपल्या पुस्तकात दाखवून दिलं, की प्रश्न फक्त धान्य किती आहे हा नव्हता, ते विकत घ्यायची ऐपत कुणाकडे उरली हा होता. सैन्याला आणि कोलकात्यातल्या कारखान्यांना आधी पुरवठा झाला. खेड्यातला शेतमजूर, कोळी, न्हावी रांगेत सगळ्यात शेवटी. १९४३च्या सुरुवातीला चर्चिल यांनी हिंदी महासागरातली जहाजं मोठ्या प्रमाणावर दुसरीकडे वळवली. हिंदुस्थानला धान्य पाठवायची मागणी लंडनमध्ये त्या वर्षी पुन्हा पुन्हा कापली गेली. सरकारी चौकशी आयोगाने मृत्यूंचा अंदाज १५ लाखांच्या आसपास धरला. नंतरच्या काही अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांच्याही पुढे जातात.

जहाजं दुसरीकडे वळवली. म्हणजे मी केलं तेच! आणि मला ते हुशारीचं वाटलं होतं. स्क्रीनवर लाल काही नव्हतं ना.

दोन दिवसांनी गेम परत उघडला. पहिला विचार आला तो सेव्हचा. जानेवारीत मागे जाऊ, जहाजं कोलकात्याला ठेवू. पण उपयोग काय? हजार वेळा मागे गेले तरी मेदिनीपूरच्या त्या चार माणसांसाठी या गेममध्ये जागाच नाही. त्यांना वाचवायचं बटण नाही, आणि ती मेल्याचा रिपोर्टही येत नाही.

मग मी एक खुळ्यासारखी गोष्ट केली. २२ जहाजं परत फिरवली आणि रसद भरून कोलकात्याला पाठवली. तिथे तिची काही गरज नव्हती. माझी सॉलोमनची मोहीम तीन आठवडे मागे पडली, त्यात दोन विनाशिका गेल्या. एआयला काही कळलं नाही. कळावं तरी कसं?

दादांना हे सांगितलं, तर ते हसले. म्हणाले, 'ठाकुमाला सांगायला हवं होतं.'

पुढच्या सोमवारी ऑफिसात मीटिंग होती. पावसाळ्याचा प्लॅन. 'ऑल ग्रीन' म्हणून शीट पुढे सरकली. मी म्हटलं, 'एक मिनिट. घाटाखालच्या डेपोचा ग्रीन आपण कशावरून धरलाय?' शोधलं, तर हिशोब फक्त मोठ्या डीलर्सचा होता. दरड कोसळली की पलीकडच्या छोट्या दुकानांचं काय होतं, त्याचा शीटमध्ये कॉलमच नव्हता. बॉसने कपाळाला आठ्या घातल्या, पण कॉलम वाढवला. फार मोठं काही नाही केलं. बेबी फूडच्या चार गाड्या पाऊस सुरू व्हायच्या आधी खाली उतरल्या, एवढंच.

गेम सोडला का? अजिबात नाही! सध्या माझ्याकडे जून १९४४ चालू आहे. आईचं दोन वाजताचं भजनही चालू आहे. फक्त 'नेक्स्ट' दाबायच्या आधी मी एकदा नकाशावरची गावं वाचते. मुंबई, कोलकाता, रंगून, मनिला. काहीच लाल नसतं. तरी वाचते.

---

तुम्हालाही खेळायचंय?

* थेट दीड हजार चालींच्या युद्धात उडी घेऊ नका. याच गेममध्ये ग्वाडलकॅनालचा छोटा प्रसंग आहे, तिथून श्रीगणेशा करा.
* एवढंही झेपत नसेल तर 'ऑर्डर ऑफ बॅटल' हा २०१५चा गेम बघा. विषय हाच, पण एका संध्याकाळी एक लढाई आटपते.
* दोस्त राष्ट्रं घेतलीत तर पर्यायांमध्ये अमेरिकन टॉर्पेडो 'भरवशाचे' करू नका. १९४३पर्यंत ते खरोखरच दगा द्यायचे. मनस्ताप होईल, पण इतिहास कळेल.
* आधी टँकर आणि मालवाहू जहाजं मोजा, युद्धनौका नंतर.
* सेव्ह रोज करा, लाइट जाते म्हणून. हरलात म्हणून तो उघडू नका.