वाशिमहून बोटीपर्यंत

क्रूझची बोट कुठून? मुंबईत बॅलार्ड पिअरच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलवरून. सीएसएमटी स्थानक जवळच. भाऊच्या धक्क्यावरून सुटते ती मांडव्याची रो-रो. टॅक्सीवाल्याला नीट सांगा.

मुंबई कशी गाठायची? अकोला (सुमारे 80 किमी) येथून मुंबईची रेल्वे. किंवा कारंजा, मालेगावजवळून समृद्धी महामार्ग. तो भिवंडीजवळ आमणे येथे संपतो, पुढे शहरातली वाहतूक. चेक-इन बोट सुटण्याच्या बरेच आधी बंद होते, त्यामुळे आदल्या दिवशी मुंबईत पोहोचलेले बरे.

हंगाम : साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो.

बोट : कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची ‘एम्प्रेस’. बांधणी 1990, मजले 11. भारतातल्या फेऱ्या 2021 पासून. मार्ग गोवा, कोची, लक्षद्वीप. त्याआधी, 2018 मध्ये, कान्होजी आंग्रे यांच्या नावाची ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा धावू लागली होती.

कागदपत्रे : देशांतर्गत सफरीला पासपोर्ट लागत नाही, फोटो असलेले मूळ सरकारी ओळखपत्र हवे. लक्षद्वीपला उतरायचे तर प्रवेश परवाना लागतो.

केबिन : बिनखिडकीची सर्वांत स्वस्त, मग खिडकीची, मग बाल्कनीची. दर बहुधा माणशी, तोही दोघांनी एक केबिन घेतली तर. बंदर शुल्क, जीएसटी आणि टिप धरून आकडा विचारा.

जेवण : भाड्यात, मद्य वेगळे. जैन जेवण मिळते, पण बुकिंग करतानाच सांगावे.

सागरी मैल : 1.852 किमी. तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट.

किनारा दूर गेला की मोबाइलची रेंज जाते; घरी आधीच कळवून ठेवा.