कासवाचा कोन

पडद्याच्या मधोमध एक कासव. ‘फॉरवर्ड १००’ लिहिले की ते सरळ चालते आणि मागे रेघ उमटते. ‘टर्नराइट ९०’ लिहिले की काटकोनात वळते. हेच चारदा करवले की चौकोन तयार. इथवर मुले सहज येतात. गंमत सुरू होते ती त्रिकोणापाशी. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे पाठ असते. म्हणून मुले ६० टाकतात आणि तीन फेऱ्यांनी पडद्यावर अर्धा षटकोन उभा राहतो! वहीत लाल फुली नाही, बाईंचे रागावणे नाही. उठायचे आणि तोच त्रिकोण फरशीवर चालून पाहायचा. कोपऱ्यावर आल्यावर कळते, की अंग १२० अंशांत वळवावे लागते. पुस्तकातला कोन आतला, चालणाऱ्याचा बाहेरचा. मग एखादी मुलगी १४४ टाकून पाच फेऱ्या देते आणि पाच टोकांची चांदणी उमटते.

या कासवाचे घराणे जुने. सीमोर पेपर्ट, वॉली फर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ मध्ये अमेरिकेत मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा रचली. एमआयटीचे ‘स्क्रॅच’ (२००७) त्याच कुळातले. लोगोवरूनच बेतलेल्या ‘केटर्टल’ या मुक्त सॉफ्टवेअरचे धडे आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने मराठीत आणले. प्रा. कन्नन मौद्गल्य यांचा हा प्रकल्प. पडद्यावर इंग्रजी, कानावर मराठी. व्हिडिओ थांबवायचा, शेजारच्या खिडकीत तेच करून पाहायचे, मग पुढे. एकदा उतरवून घेतले की इंटरनेट लागत नाही, आणि पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांसाठी मला ही सोय सर्वांत मोलाची वाटते.

नव्या शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचे ठरवले. ठराव झाला म्हणजे दार उघडले असे नव्हे, हे पोलादपूरशेजारच्या महाडला कोणी शिकवायला नको. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सदस्य बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ चा; महाड नगरपालिकेनेही पुढे चवदार तळे खुले केले, पण कागदावर. प्रत्यक्ष पाणी घ्यायला सत्याग्रहाचा २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि तळ्याच्या खटल्यात उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७. त्या लढ्याशी संगणकाच्या तासाची बरोबरी करण्याचा आचरटपणा मी करणार नाही. पण ‘सर्वांसाठी’ हा शब्द ऐकला, की कोणाकोणापर्यंत पोचले ते विचारण्याची सवय मात्र तिथूनच घ्यावी.

संगणकच नसेल तर? एसीएम इंडियाची ‘सीएसपाठशाळा’ २०१६ पासून संगणकाविनाही हा विचार शिकवता येतो, असे सांगते आहे. कासवाचा खेळ तर शाळेच्या अंगणात खडूने होतो. एकाने कासव व्हायचे, दुसऱ्याने हुकूम सोडायचे. कासवाने मनाने काही करायचे नाही. ‘जरा तिकडे वळ’ म्हटले तर त्याने हलायचेच नाही. कुठल्या बाजूला आणि किती अंश, ते आधी विचारायचे.