लक्ष्मीपूजन आणि घराची गंगाजळी

आश्विन अमावास्येच्या सायंकाळी चौरंगावर कलश मांडून आपण लक्ष्मीचे आवाहन करतो. नव्या केरसुणीलाही हळदकुंकू वाहतो. याच सुमारास वाशिम जिल्ह्यातील शेतकऱ्याचे सोयाबीन बाजारात पोहोचते आणि वर्षातील सर्वांत मोठी रक्कम घरात येते. लक्ष्मी आली, हा आनंद खराच. परंतु तिचा किती अंश संकटकाळासाठी बाजूस ठेवावा, याचा निर्णय त्याच रात्री व्हावयास हवा. पाडवा उजाडला की तिला चारी दिशांनी वाटा फुटू लागतात.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. कौटिल्याने राज्याची जी सात अंगे सांगितली, त्यांत कोश हे एक महत्त्वाचे अंग होय. कोशावाचून राज्य टिकत नाही, तसे गंगाजळीवाचून घर टिकत नाही. प्रश्न एवढाच, की ती असावी किती?

नोकरदारास जाणकार सांगतात, तीन ते सहा महिन्यांचा खर्च शिलकीत असावा. ज्याच्या घरी दरमहा वेतन येते, त्यास हे माप ठीक आहे. कोरडवाहू शेतकऱ्यास मात्र ते अपुरे पडते. त्याचा काळ महिन्यांनी नव्हे, हंगामांनी मोजला जातो. पुढच्या वर्षी खरीप बुडाला, तर पुन्हा सोयाबीन दिसावयाचे ते त्यापुढील दिवाळीलाच! म्हणून आमच्या मते येथे माप एकच: एका पिकापासून दुसऱ्या पिकापर्यंतचे अंतर.

हिशेब सोपा आहे. समजा, घराचा अगदी आवश्यक रोख खर्च दरमहा १०,००० रुपये. म्हणजे वर्षाचा १,२०,०००. पीक बुडालेल्या वर्षीही तूर, दूध व मजुरी यांतून, हात राखून धरले तरी, ७०,००० येतील. उरली तूट ५०,००० रुपयांची. त्यात दुखणे व दुबार पेरणी यांसाठी २०,००० मिळवा. ७०,००० ही त्या घराची गंगाजळी. आकडे प्रत्येकाने आपापले घालावेत, रीत हीच.

ही गंगाजळी केवळ नोटांची नसावी. वर्षाची ज्वारी वा गहू आणि डाळ घरात असेल, तर तेवढी रोकड कमी लागते. सोयाबीनचे घरचे बियाणे राखता येते; पेरणीपूर्वी शंभर दाणे उगवून पाहावेत, सत्तर उगवले तर बियाणे चांगले समजावे. त्याचे कवच नाजूक असते, म्हणून पोत्यांची उंच थप्पी लावू नये. रोख रकमेचा लहान भाग घरात असावा; मध्यरात्री रुग्णास अकोल्यास न्यावयाचे झाल्यास कोणापुढे हात पसरण्याची वेळ येऊ नये. बाकी रक्कम टपाल खात्यात किंवा बँकेत ठेवावी. बँक बुडाल्यास एका बँकेतील एका ठेवीदाराच्या पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना २०२० पासून विम्याचे संरक्षण आहे. पीकविम्याची भरपाई उपयोगी खरी, परंतु तिची तारीख आपल्या हाती नसते.

आणखी एक पथ्य. लग्नकार्य हे संकट नव्हे; ते येणार हे वर्षानुवर्षे ठाऊक असते. त्याची तरतूद निराळी करावी. ज्या पैशाला सणासुदीला हात लागतो, तो संकटाच्या दिवशी जागेवर सापडत नाही.

एवढी रक्कम एका दिवाळीत कशी साठावी, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. कर्जाचा हप्ता ज्याच्या दारात उभा आहे, त्याची ओढाताण आम्ही जाणतो. त्याने प्रथम एका महिन्याचा खर्च बाजूस काढावा. तूर विकली जाईल तेव्हा त्यात भर घालावी, आणि उरलेले दोन-तीन दिवाळ्यांत पुरे करावे. पहिल्या एका महिन्यानेही सावकाराची पायरी एकदा तरी टळते.

लक्ष्मी चंचल आहे, असे आपण म्हणतो. तिला घरात बसावयास आसन आपणच द्यावयाचे असते. यंदा पूजेच्या वेळी घरातील सर्वांनी, विशेषतः जिच्या हाती रोजचा खर्च असतो त्या गृहिणीने, एकत्र बसून आपला आकडा कागदावर मांडावा आणि तो कागद वहीपूजनाच्या वहीतच ठेवावा. ही दीपावली सर्व वाचकांस सुखाची आणि निश्चिंतीची जावो!