नांगर अडला, ट्रॅक्टर उलटला!

एका रिकाम्या खुर्चीच्या पाठीला अगदी वर दोरी बांधा आणि मागे उभे राहून ओढा. खुर्चीचे पुढचे पाय उचलले जातील. आता तीच दोरी मागच्या पायांना जमिनीलगत बांधून ओढा. खुर्ची नुसती सरकेल. बदलली ती फक्त दोरीची उंची! याच उंचीमुळे पूर्वी अनेक ट्रॅक्टरचालकांना प्राण गमवावे लागले.

अमेरिकेत १९१७ साली फोर्डसन ट्रॅक्टर बनू लागला. घोड्यांची जागा यंत्राने घेतली. पण नांगर मात्र पूर्वीसारखाच मागून ओढला जाई. त्याला मागे घेणे अवघड, वळवायला जागाही फार लागे. खरा धोका मात्र वेगळाच होता. फाळ दगडात अडकला की नांगर थांबे, पण इंजिन चाके फिरवू पाहतच राही. मग पुढची चाके उचलली जात आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ट्रॅक्टर चालकावर उलटे.

असे का व्हावे? समजा, ट्रॅक्टरचे वजन १२०० किलोग्रॅम आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या ६० सेंटिमीटर पुढे आहे. वजन गुणिले अंतर, म्हणजे ७२० किलोग्रॅम-मीटर, हे झाले पुढचा भाग दाबून धरणारे परिबल. नांगर जमिनीपासून ४० सेंटिमीटर उंचीवर जोडला, तर १८०० किलोग्रॅम ओढीपर्यंत भीती नाही. तोच ८० सेंटिमीटरवर जोडला, तर ९०० किलोग्रॅमलाच तोल जाईल! शिवाय पुढचा भाग उचलला की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि दाबून धरणारे परिबल आणखी घटते.

आयर्लंडमधील शेतकऱ्याचा मुलगा हॅरी फर्ग्युसन याने यावर तोड काढली. खाली दोन आणि वर मध्ये एक, अशा तीन दांड्यांनी त्याने नांगर ट्रॅक्टरला जोडला. आता दोन्ही मिळून जणू एकच वस्तू झाली. फाळ अडला की नांगर पुढे कलू पाहतो आणि वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो. त्यामुळे पुढची चाके उचलली न जाता जमिनीवर दाबली जातात. त्याच रेट्याने एक स्प्रिंग दबते, तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा नांगर किंचित उचलते आणि त्याचा भार मागच्या चाकांवर येऊन त्यांची पकड वाढते. १९३६ साली फर्ग्युसन-ब्राउन आणि १९३९ साली फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टर ही जोडणी घेऊन आले. आज आपल्या शेतांतील बहुतेक ट्रॅक्टरांना तीच असते.

तरीही एक धोका उरतोच. ओंडका किंवा रुतलेली गाडी ओढताना साखळी आसाला किंवा वरच्या दांड्याच्या जागी बांधू नये. खालच्या ड्रॉबारलाच बांधावी. का, ते आता तुम्हीच घरच्या मोठ्या माणसांना खुर्ची आणि दोरी घेऊन दाखवा.