‘कंट्रोल’ : युद्धकाळातील वऱ्हाडचा गावकारभार

स्वस्त धान्याच्या दुकानाला ‘कंट्रोल’ म्हणणारी माणसे वऱ्हाडात आजही भेटतात. नियंत्रण या अर्थाचा इंग्रजी शब्द लक्षणेने दुकानाचे नाव कसा झाला, हे समजण्यासाठी दुसऱ्या महायुद्धातील गावकारभार पाहावा लागतो.

अमरावती-अकोल्याच्या रयतवारी मुलखात पाटील व पटवारी हे वतनदार कामगार होते. पाटलाने शेतसारा वसूल करून बंदोबस्त राखावा, पटवाऱ्याने जमिनीच्या व पिकांच्या नोंदी ठेवाव्यात, कोतवालाने दवंडी द्यावी, असा क्रम होता. नोव्हेंबर १९३९मध्ये प्रांतिक मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. गावचा क्रम मात्र तोच राहिला.

१९४१मध्ये जपानशी व्यापार तुटला आणि आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक गेले. सारा मात्र रोखीनेच भरायचा होता. १९४२मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती पडला व रॉकेलची टंचाई भासू लागली. १९४३मध्ये कापडावर सरकारी नियंत्रण आले. ‘परमिट’, ‘कोटा’, ‘रेशन’ हे शब्द अशा टंचाईतून घरोघरी पोचले.

पाटलापुढचा पेच याहून कठीण होता. ऑगस्ट १९४२च्या आंदोलनात अमरावतीजवळच्या यावलीचे लोक हुतात्मे झाले. ते गाव आज ‘यावली शहीद’ म्हणून ओळखले जाते. अशा वेळी भाऊबंदांची खबर वर कळवावी की दडवावी? दप्तरात ‘बंदोबस्त’ एवढाच शब्द उरतो. त्यामागची घालमेल बोलीतच सापडते.

स्वाध्याय : आपल्या गावातील वृद्धांकडून टंचाईकाळातील पाच शब्द मिळवा व त्यांचे अर्थ लिहा.